फळा कोण पुसणार?

बालमित्रांनो,

‘घंटा झाली की फळा पुसायचा’ असा नियम तुमच्या वर्गात केला, तर काय होईल? रोज ठीक चालेल. पण एखाद्या दिवशी पावसामुळे शाळा घंटेआधीच सोडली, तर फळा तसाच राहील! त्यापेक्षा ‘दार लावणाऱ्यानं आधी फळा पुसायचा’ हा नियम पक्का. शाळा का सुटली, हे विचारायचंच नाही.

संगणकालाही असंच शिकवावं लागतं. हे मला माझ्याच चुकीतून कळलं.

स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला ओळीनं दिलेल्या आज्ञांची चिठ्ठी. ती वाचून कामं करून घेतो तो शेल. १९८९ साली आलेला ‘बॅश’ हा असाच एक शेल. त्याच्यासाठी मी एक स्क्रिप्ट लिहिली होती. चार तुकड्यांचे गुण एका कच्च्या फाइलीत एकाखाली एक जोडायचे, त्यावरून यादी करायची आणि शेवटी कच्ची फाइल पुसायची. एकदा काम अर्ध्यावर असताना मी कंट्रोल आणि सी ही बटणं दाबून ते थांबवलं. पुसायची आज्ञा होती अगदी शेवटी. ती आलीच नाही! पुढच्या वेळी त्याच फाइलीत पुन्हा गुण जोडले गेले आणि कित्येक मुलांची नावं यादीत दोनदा आली.

मग मी ‘ट्रॅप’ ही आज्ञा वापरली. ट्रॅप म्हणजे सापळा. बाहेरून येणारे इशारे, म्हणजे सिग्नल, त्यात पकडता येतात. कंट्रोल-सी दाबलं की २ क्रमांकाचा इशारा येतो, त्याचं नाव सिगइंट. ‘तो आला की फाइल पूस,’ असं मी सांगितलं. झालं काम? छे! फाइल पुसली गेली, पण स्क्रिप्ट थांबलीच नाही. ती पुढच्या ओळीपासून कामाला लागली आणि उरलेल्या दोनच तुकड्यांची यादी हातात आली. इशारा पकडला, की पुढं काय करायचं तेही आपणच सांगायचं असतं. ‘आता थांब’ हे मी सांगितलंच नव्हतं.

खरा उपाय दाराशीच होता. ट्रॅपला इशाऱ्याच्या जागी ‘एक्झिट’ असं सांगता येतं. मग काम पुरं होऊन स्क्रिप्ट संपो, चूक सापडल्यामुळे मध्येच बाहेर पडो, की कंट्रोल-सीनं थांबो, बॅश सफाई करूनच जातो.

‘डॅश’सारखे शेल मात्र इशाऱ्यानं बंद पडताना ही सफाई करत नाहीत. तिथं सिगइंटसाठी वेगळा सापळा लावून त्यात एवढंच लिहायचं : ‘एक्झिट १३०’. म्हणजे १२८ अधिक २. स्क्रिप्ट दारातून बाहेर पडते, सफाई होते आणि ती का थांबली हेही १३० वरून कळतं.

पण ९ क्रमांकाचा सिगकिल कुठल्याच सापळ्यात सापडत नाही. वीज गेली, तरी सफाईला वेळ मिळत नाही. म्हणून माझी स्क्रिप्ट आता दर वेळी नव्या कोऱ्या फाइलीपासूनच सुरू होते. सकाळी आल्यावर आधी फळ्याकडं पाहायचं, तसंच!

आता हा गृहपाठ. दहा सेकंद नुसती थांबणारी स्क्रिप्ट लिहा आणि एक्झिटच्या सापळ्यात ‘फळा पुसला’ असं छापायला सांगा. एकदा ती पुरी होऊ द्या, एकदा कंट्रोल-सी दाबा आणि एकदा तिला सिगकिल पाठवा. फळा किती वेळा पुसला जातो, ते मला जरूर कळवा बरं का!

तुमची,
बाई