मापून दिलेली मोहरी

गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या मोठ्या शहरांत, आणि त्यांतही बेंगळुरूसारख्या नोकरदारांनी गजबजलेल्या शहरात, 'मील किट' या नावाची एक पेटी अधूनमधून अवतीर्ण होत असते. काही महिने तिची वाहवा होते, आणि मग बहुधा कोणाच्या फारसे लक्षात न येता ती अंतर्धान पावते व काही काळाने दुसऱ्या नावाने पुन्हा दारात उभी राहते. या पेटीत एखाद्या पदार्थाचा सारा सरंजाम दोन किंवा चार माणसांच्या बेताने मापून ठेवलेला असतो: धुतलेली, चिरलेली भाजी एका पिशवीत, पनीर किंवा कोंबडी दुसरीत, मसाला तिसरीत, चमचाभर मोहरी किंवा जिरे इवल्याशा पुडीत, आणि या सर्वांवर, नवख्या माणसाचाही हात अडू नये अशा तजविजीने छापलेले सचित्र कृतिपत्रक. गिऱ्हाइकाने कढई तापवायची आणि पत्रकाचा हुकूम मानायचा, एवढेच काय ते त्याच्याकडे उरते.

ही पेटी परवडते काय, असा प्रश्न निघाला की आपल्या घरांतून जो जमाखर्च मांडला जातो तो ठरलेला आहे. पेटीतल्या जिनसांची बाजारभावाने बेरीज करायची, ती पेटीच्या किमतीतून वजा करायची, आणि उरलेल्या रकमेला लूट असे नाव देऊन मोकळे व्हायचे. हा हिशेब मला न्यायाचा वाटत नाही. उडप्याच्या हॉटेलात मसाला डोसा खाताना तांदूळ, उडीद आणि बटाटा यांचे भाव काढीत कोणी बसत नाही. तापल्या तव्यापुढे उभ्या असलेल्या माणसाच्या श्रमांचे दाम आपण देतो आणि ते देणे योग्यच असते. पेटीलाही हाच न्याय लावला पाहिजे: तिने आपल्या अंगावरचे कोणते काम उचलले, आणि ते काम पैसे मोजून दुसऱ्यावर सोपवावे इतके जड होते काय? माझे मत असे की पेटी जे काम उचलते ते आपल्या स्वयंपाकघरात मुळातच हलके होते, आणि जे खरोखर जड आहे त्याला तिचा हात सहसा लागतच नाही.

याचे कारण तिच्या जन्मभूमीत सापडते. ही कल्पना व्यापाररूपाने प्रथम स्वीडनमध्ये २००७ च्या सुमारास रुजली, २०११ साली बर्लिनमध्ये 'हॅलोफ्रेश' आणि २०१२ साली न्यूयॉर्कमध्ये 'ब्लू एप्रन' या कंपन्या निघाल्या, आणि पाहता पाहता या पेट्यांचा तेथे मोठाच व्यापार झाला. ज्या देशांत आठवड्यातून एकदा मोटारीने जाऊन सात दिवसांचा बाजार भरायचा असतो, जेथे कोथिंबिरीसारखा पाला ठरल्या वजनाच्या वेष्टनातच मिळतो, जेथे चमचाभर जिऱ्यासाठी काचेची अख्खी बरणी घ्यावी लागते आणि ती पुढे वर्षभर फळीवर विटत राहते, तेथे कोणी नेमके हवे तेवढेच मापून आणून दिले तर ती खरोखरच सेवा होय. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ साली असेही दाखविले, की इतके वेष्टन असूनही पेटीतल्या जेवणाचा पर्यावरणावरील भार दुकानातून सामान आणून केलेल्या त्याच जेवणापेक्षा सरासरीने कमीच भरतो, कारण पेटीत अन्न वाया जात नाही. आणि तरीही, एवढी अनुकूलता असलेल्या अमेरिकेत, 'ब्लू एप्रन'चे २०१७ साली भागबाजारात प्रवेश करताना जे मोल सुमारे १९० कोटी डॉलर ठरले होते ते २०२३ मध्ये ती कंपनी विकली गेली तेव्हा सुमारे १० कोटी डॉलरांवर आले होते. पहिली पेटी सवलतीत घेणारे गिऱ्हाईक पुरत्या दामाने दहावी पेटी घेत नाही, हा अनुभव तिकडच्या पेटीवाल्यांना पुरेपूर आला आहे.

आपल्याकडे या पेटीचा मुख्य गुणच निरुपयोगी ठरतो. ज्या घरात मिसळणाचा डबा आहे त्या घरात चमचाभर मोहरी ही समस्या नव्हे. बेंगळुरूच्या गांधी बाजारात किंवा मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवर पावशेर भेंडी मागितली तर दुकानदार तोंड वाकडे करीत नाही. बागाईतदारांच्या सहकारी संस्थेची, १९५९ साली स्थापन झालेल्या 'हॉपकॉम्स'ची, दुकाने दोन गाजरेसुद्धा तोलून देतात. मापाचे म्हणाल तर कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने १९७० सालीच वाटी आणि चमचा ही दोन प्रमाणे मराठी घरांत अशी रुजविली, की ज्याला आयुष्यात कधी फोडणी घालावी लागली नव्हती असा मुलगाही ते पुस्तक पिशवीत घालून परगावी नोकरीला गेला आणि उपाशी राहिला नाही. एवढ्यावरही पेटीला काही सबब उरली असेल, तर ती याच शहराने नाहीशी केली. २०११ साली 'बिगबास्केट', २०१४ साली 'स्विगी' आणि २०२० पासून तिचेच 'इन्स्टामार्ट' या बेंगळुरूतच जन्मलेल्या उद्योगांनी शंभर ग्रॅम आले आणि एक लिंबूही घटकाभरात दारात आणून देण्याची सवय लोकांना लावली आहे. ती सवय चांगली की वाईट हा निराळा मामला आहे, आणि त्या दुचाकीवरच्या पोरांच्या जिवाचा विचार करता मला ती फारशी चांगली वाटत नाही. परंतु ती लागल्यावर मापून भरलेल्या पेटीसाठी आदल्या दिवशी मागणी नोंदवून कोण ठेवणार?

मग बेंगळुरूची माणसे स्वयंपाकातले कोणते काम खुशीने विकत घेतात, हे पाहायचे असेल तर थंडीच्या दिवसांत, अवरेच्या मोसमात, बसवनगुडीच्या बाजूस फेरी मारावी. अवरे म्हणजे आपल्या पावट्याच्या कुळातलीच शेंग. मार्गशीर्ष-पौषात मागडी आणि आसपासच्या मुलखातून तिच्या गाड्या शहरात येतात, आणि तिचा तो विशिष्ट, किंचित तेलकट सुगंध भाजीबाजारात दुरूनच जाणवू लागतो. शेंगा सोलून दाणे काढणे हे एक काम. पण खरा कन्नड भोक्ता तेवढ्यावर थांबत नाही. तो ते दाणे रात्रभर पाण्यात भिजत घालतो आणि सकाळी एकेक दाणा चिमटीत दाबून त्याचे साल उडवितो. आत राहते ती कोवळी, हिरवट, दोन फाकांची डाळ. हीच 'हितकिद बेळे'. हिचे सारू, हिचे सांबार, हिचा उपमा, आणि तळून मीठ-तिखट लावलेला हिचा चिवडा, यांच्यासाठी विश्वेश्वरपुरमला सज्जनराव सर्कलजवळ वर्षानुवर्षे अवरेची जत्राच भरत आली. किलोभर शेंगांतून हातात येणारी डाळ ओंजळभर; त्यात घरातल्या दोन माणसांची सकाळ खर्ची पडते आणि बोटांची टोके सुरकुतून जातात. म्हणून बाजारात फुटपाथावर बसलेल्या बायका ही सोललेली डाळ शेरावर, मापावर विकतात, आणि अख्ख्या शेंगांच्या कितीतरी पट भावाने घेतानाही गिऱ्हाइके त्यांच्याशी फारशी घासाघीस करीत नाहीत, कारण ज्याने एकदा घरी हे काम केले आहे त्याला त्या भावात अन्याय दिसत नाही.

मराठी वाचकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. भिजवून, मोड आणून सोललेले कडवे वाल गिरगावात आणि दादरला अशाच बायका विकत आल्या आहेत, आणि डाळिंब्यांच्या उसळीसाठी त्या सोललेल्या बिरड्याला चढा भाव देण्यात कोणत्याही काटकसरी गृहिणीला कधी उधळेपणा वाटलेला नाही. विरारच्या लोकलमध्ये बायकांच्या डब्यात मेथीच्या जुड्या निवडीत बसलेल्या नोकरदार स्त्रिया मुंबईने दोन पिढ्या पाहिल्या. त्यांच्यातल्याच पुष्कळ जणी आज स्टेशनाबाहेर निवडलेली मेथी आणि सोललेला लसूण घेऊन घरी जातात. चकलीची भाजणी हीही याच वर्गातली: धान्ये धुणे, वाळविणे, भाजणे आणि दळणे हा त्यातला कष्टाचा भाग दुसऱ्याने करायचा, आणि तिखट-मीठ किती, तेल किती, सोऱ्या कसा फिरवायचा, हे घरच्या हाताने ठरवायचे. श्रम विकत, निर्णय घरचा, अशी ही वाटणी आहे. पेटी ही वाटणी उलटी करते. ती निर्णय विकत देते, श्रम घरी ठेवते.

या शहराच्या खाद्यव्यापाराचा इतिहासही याच दिशेने साक्ष देतो. १९२४ साली मैय्या बंधूंनी काढलेल्या आणि पुढे 'मावळ्ळी टिफिन रूम्स', म्हणजे एम.टी.आर., या नावाने प्रसिद्धी पावलेल्या उपाहारगृहात दुसऱ्या महायुद्धातील तांदळाच्या टंचाईपोटी रव्याची इडली निघाली, हे सर्वश्रुत आहे. आणीबाणीच्या काळात सरकारने खाद्यपदार्थांचे दर इतके खाली बांधून दिले, की आपला दर्जा राखून त्या दराने विकणे अशक्य झाले आणि उपाहारगृह काही वर्षे बंद राहिले. त्या अवधीत कामगारांच्या हातांना काम राहावे म्हणून मसाले आणि इडली-डोशांची तयार पिठे बांधून विकण्याकडे त्या मंडळींनी विशेष लक्ष पुरविले. सरकारी अंमलाच्या जाचातून निघालेल्या या धंद्याचा विस्तार पुढे एवढा झाला, की २००७ साली नॉर्वेच्या 'ऑर्क्ला' कंपनीने तो विकत घेतला. त्याच्या दोनच वर्षे आधी, २००५ साली, वायनाडहून आलेल्या पी. सी. मुस्तफा यांनी आपल्या नात्यातल्या भावंडांसह येथे 'आयडी' या नावाने इडली-डोशाचे ओले पीठ विकायला आरंभ केला. दुकानात रबर लावलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून जे पीठ मिळत असे तेच स्वच्छतेने आणि रोज सारख्या आंबटपणाने द्यायचे, एवढीच त्यांची प्रतिज्ञा. भिजविणे, वाटणे आणि आंबविणे या तीन कामांत अख्खा दिवस जातो. ती त्यांनी उचलली, आणि इडली मऊ करायची की डोसा कुरकुरीत, हे ज्याच्या त्याच्या तव्यावर सोडून दिले. दोन-चार महिन्यांत पेट्या गुंडाळणाऱ्यांनी या यशाकडे पाहिले असते तर बरे झाले असते.

अर्धवट शिजविलेल्या वस्तूत नेमका किती स्वयंपाक विकला गेला, हा प्रश्न सरकारलाही बराच काळ सुटला नव्हता असे दिसते. २०२० साली याच 'आयडी'च्या मलबार परोट्याविषयी कर्नाटकातील कर-प्राधिकरणाने असा निवाडा दिला, की पोळी ही तशीच खाता येते म्हणून तिच्यावर पाच टक्के आणि परोटा खाण्यापूर्वी तापवावा लागतो म्हणून त्याच्यावर अठरा टक्के कर. म्हणजे गिऱ्हाइकाने स्वतः काही काम करण्याची तयारी दाखविली की त्याच्यावर दंड! सप्टेंबर २०२५ मध्ये करांची फेररचना झाली तेव्हा पोळी आणि परोटा या दोहोंवरील कर माफ झाला, आणि पाच वर्षे चाललेला हा विनोद संपला.

पेटीचा कोणालाच उपयोग नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. कोरमंगल किंवा एच.एस.आर. लेआउटमध्ये तिघाचौघांत घर घेऊन राहणारी तरुण मंडळी, ज्यांच्याकडे डबा नाही, फळी नाही आणि शनिवारच्या संध्याकाळी थाई पद्धतीची हिरवी करी करून पाहण्याची हौस मात्र आहे, त्यांनी गलांगल आणि गवती चहाच्या चार काड्यांसाठी शहर पालथे घालण्यापेक्षा पेटी घ्यावी हे उत्तम. त्या एका पदार्थापुरती ती हॉटेलाहून स्वस्त पडते आणि हौस फिटते. पण रोजच्या जेवणाची गोष्ट निराळी. येथल्या पुष्कळ घरांत सकाळी तासभर स्वयंपाकाला बाई येते, आणि तिच्या महिन्याच्या पगाराशी पेटीचा हिशेब ताडून पाहावा. उदाहरणापुरते धरू, की दोघांची पेटी साडेतीनशेला पडते आणि आठवड्यातून पाच दिवस घेतली. महिन्याचे सात हजारांवर गेले, आणि तरी ढवळणे, परतणे, भांडी विसळणे हे सगळे आपल्याच माथी. तेवढ्या रकमेत पुष्कळ वस्त्यांत ती बाई दोन्ही वेळचा स्वयंपाक करून जाते, आणि ते पैसे तिच्या घरी जातात.

कचऱ्याचा मुद्दा थोडक्यात सांगतो. मिशिगनचा निष्कर्ष खोटा नाही, पण तो ज्या घरांत अन्न टाकले जाते त्या घरांचा आहे. जेथे उरलेल्या भाताची सकाळी फोडणीची तजवीज होते तेथे वाचवायला फारसे अन्न नसते आणि नव्याने येतात त्या फक्त पिशव्या. मंडूरच्या गावकऱ्यांनी शहराचा कचरा आपल्या उशाशी घेण्यास नकार दिला आणि २०१४ च्या अखेरीस तेथील कचऱ्याचे मैदान बंद झाले, हे ज्याला आठवते त्या बेंगळुरूकराने सुक्या कचऱ्याच्या पिशवीत जिऱ्याची रिकामी पुडी टाकताना थोडे थबकावे.

मापून बांधलेल्या सामानाची चाल आपल्याला परकी नव्हेच. प्रवाशाला, याचकाला किंवा सोवळ्याने स्वतः रांधून जेवणाऱ्या पाहुण्याला तांदूळ, डाळ, पीठ, तूप, गूळ आणि मीठ यांचा शिधा काढून देण्याचा प्रघात होता, आणि महाराष्ट्र सरकारने २०२२ च्या दिवाळीत शिधापत्रिकाधारकांना शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर प्रत्येकी एक किलो आणि लिटरभर पामतेल देऊन त्याच प्रघाताला 'आनंदाचा शिधा' हे नाव दिले. त्या पिशवीत कृतीचा कागद नव्हता. ज्याला लाडू करायचे त्याने लाडू केले, ज्याला शिरा हवा त्याने शिरा केला, आणि बाजारभावापेक्षा स्वस्त असल्याने तिच्या किमतीविषयी वाद घालण्याचे कोणाला कारणही पडले नाही.

पेटीवाल्यांना माझी एकच दरखास्त आहे. त्यांनी अवरेच्या मोसमात सोललेली डाळ, खवलेला नारळ आणि पाट्यावर वाटल्यासारखे जाडसर वाटण असे तीनच जिन्नस सकाळी आठाच्या आत दारात पोहोचवून पाहावेत. अशा पेटीसाठी मी आनंदाने गिऱ्हाईक होईन, फक्त डाळीचा भाव त्यांनी गांधी बाजारातल्या बायकांना विचारून, आणि शक्य तर डाळ त्यांच्याकडूनच घेऊन, ठरवावा.