परदेशी मदत : दान की व्यवहार?

मालवणचा समुद्र जगाच्या नजरेत भरला तो त्यातील प्रवाळांमुळे. त्यावर पोट भरणाऱ्या रापणकरामुळे नव्हे. २०११-१२ च्या सुमारास संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सिंधुदुर्ग किनाऱ्यावर सागरी जैवविविधतेचा प्रकल्प सुरू झाला. त्यासाठी ‘ग्लोबल एन्व्हायर्नमेंट फॅसिलिटी’ या जागतिक निधीने सुमारे ३४ लाख डॉलर दिले. एखाद्या कामाचा साऱ्या जगाच्या पर्यावरणाला किती लाभ होईल, ही या निधीची मुख्य कसोटी. प्रवाळ, डॉल्फिन, सागरी कासवे तिला उतरली. मच्छीमाराचे गळके छप्पर उतरले नसते.

यात कपट नाही. पण हे दानही नव्हे. परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेले ते सात्त्विक दान आणि फळावर दृष्टी ठेवून दिलेले ते राजस, असा विवेक गीतेने केला आहे. राष्ट्राराष्ट्रांतील मदत बहुधा दुसऱ्या प्रकारची असते. मदत कोणाला मिळते याचा अभ्यास अ‍ॅलेसिना व डॉलर या अर्थतज्ज्ञांनी २००० मध्ये प्रसिद्ध केला. गरिबीइतकेच, किंबहुना अधिक, वजन जुन्या वसाहतींच्या नात्याला आणि राष्ट्रसंघातील मतदानाला असते, असे त्यांना आढळले. आपणास हे अनुभवाने ठाऊक होते. १९६५-६६ च्या दुष्काळात अमेरिकेने गहू हात आखडून दिला. व्हिएतनामविषयी भारताने घेतलेली भूमिका तिला रुचली नव्हती. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर जपाननेही नवी मदत थांबवली. म्हणूनच २००३ मध्ये अटलजींच्या सरकारने मोजके देश वगळता इतरांची द्विपक्षीय मदत नाकारली, तो निर्णय स्वाभिमानाचा होता.

मग परकीय पैसा घ्यावयाचाच नाही काय? घ्यावा; परंतु प्रयोजन आपले असावे. १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य वरून घोषित झाले. पारंपरिक मच्छीमारांचा विश्वास संपादन न केल्याने त्यांचा विरोध दीर्घकाळ राहिला. याउलट, लहान मासळी निसटून जाऊ देणारी चौकोनी आसाची जाळी किंवा वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या भगिनी चालवीत असलेली कांदळवन सफर लोकांना आपली वाटली, कारण तीत त्यांच्या चुलीचा विचार होता. किनारी समाजांसाठी ‘ग्रीन क्लायमेट फंडा’ने २०१८ मध्ये तीन राज्यांना मिळून ४ कोटी ३४ लाख डॉलर मंजूर केले. महाराष्ट्रात त्यासाठी सिंधुदुर्गाची निवड झाली. १३ कोटी डॉलरच्या या योजनेत सुमारे दोन-तृतीयांश वाटा भारताचाच आहे. ज्याचा वाटा मोठा, त्याचा शब्दही मोठा असला पाहिजे. आणि तो शब्द दिल्ली-मुंबईच्या कार्यालयाइतकाच देवबाग-आचऱ्याच्या ग्रामसभेचाही असावा.

आज भारत स्वतः दाता आहे. २०२२ मध्ये संकटग्रस्त श्रीलंकेला आपण सुमारे ४०० कोटी डॉलरचे साहाय्य केले. सागरी शेजाऱ्याशी सख्य राखण्यात आपलेही हित आहे, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. मात्र घेताना जो मान आपण मागतो, तो देताना आपल्याकडून राखला जातो की नाही, यावरच आपल्या दानाची प्रत ठरेल.