प्रजासत्ताक दिनाच्या स्पर्धांना विषय हवा

प्रजासत्ताक दिन पंधरवड्यावर येऊन ठेपला की महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर परिपत्रके झळकू लागतात. वक्तृत्व, निबंध, देशभक्तिपर गीतगायन, रांगोळी, भित्तिपत्रक आणि अलीकडे त्यांच्या जोडीला 'रील'. सांस्कृतिक मंडळाचे प्रमुख प्राध्यापक नावे गोळा करीत वर्गावर्गांतून हिंडतात. राष्ट्रीय सेवा योजनेची आणि छात्रसेनेची मुले हक्काची म्हणून प्रथम त्यांनाच धरले जाते. २६ जानेवारीला सकाळी ध्वजवंदन, प्राचार्यांचे चार शब्द, पारितोषिक वितरण, आणि दहाच्या आत प्रांगण मोकळे. हा क्रम ज्यांनी टिकवून धरला आहे त्या प्राध्यापकांचे व विद्यार्थ्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. जोडून सुटी आली की गावाला वा सहलीला निघून जाण्याच्या या काळात सकाळी सातला गणवेश घालून उभे राहणारे शंभर तरुण ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु स्पर्धा होतात म्हणजे सण साजरा होतो काय?

अशा स्पर्धांना परीक्षक म्हणून जाण्याचा योग वारंवार येतो. विषय बहुधा ठरलेले असतात: 'माझा भारत महान', 'आजचा तरुण आणि देशप्रेम', 'मी पंतप्रधान झालो तर'. स्पर्धक येतो, दोन ओळींचा शेर म्हणतो, आवाज चढवितो, हुतात्म्यांची नामावली सांगतो, मध्येच भ्रष्टाचारावर कोरडे ओढतो आणि 'जय हिंद' म्हणून उतरतो. मुले प्रामाणिक असतात, त्यांचा उत्साहही खोटा नसतो. मात्र तेच भाषण अक्षराचाही फेरफार न करता १५ ऑगस्टला चालते, शिवजयंतीला चालते, आणि बक्षीसही मिळवून जाते. आता तर भ्रमणध्वनीला विषय सांगितला की भाषण यंत्रच लिहून देते. त्यात शैली असते, अवतरणे असतात, मुलाचे स्वतःचे असे काहीही नसते. दोष मुलांचा नाही. ज्या विषयाला दुसरी बाजूच नाही त्यावर पाठांतराखेरीज दुसरे काय करता येणार? भारत महान नाही, असे म्हणायला कोणी उभा राहणार आहे काय?

स्वातंत्र्यदिन आणि प्रजासत्ताक दिन हे दोन वेगळे सण आहेत, ही जाणीवच या विषयांत नाही. लाहोर अधिवेशनात १९२९ च्या डिसेंबरात पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला आणि २६ जानेवारी १९३० हा दिवस देशभर स्वातंत्र्याच्या प्रतिज्ञेचा दिवस म्हणून पाळला गेला. राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ लाच स्वीकारली गेली होती. काही तरतुदी तेव्हाच लागू झाल्या. उर्वरित घटना अमलात आणण्यासाठी दोन महिने थांबण्याचे कारण म्हणजे या तारखेचा मान. १५ ऑगस्टला परकी सत्ता गेली. २६ जानेवारीला आपण आपल्या राज्याचे नियम लागू केले, आणि ते ठरविण्यासाठी ९ डिसेंबर १९४६ पासून जवळपास तीन वर्षे आपली माणसे आपसांत वाद घालीत बसली होती. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचविल्या गेल्या. त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष सभागृहापुढे मांडल्या गेल्या. हे आकडे स्वतः डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात दिलेले आहेत. म्हणजे हा सण मुळात वादविवादाचा आहे. त्या दिवशी महाविद्यालयात वादविवाद सोडून इतर सगळे व्हावे, याला काय म्हणावे!

घटना समितीच्या चर्चांचे खंड उघडून पाहावेत. विषय हवे तेवढे आहेत. एकच उदाहरण देतो. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी सरनामा चर्चेस आला तेव्हा ह. वि. कामत यांनी त्याचा आरंभ ईश्वराच्या नावाने व्हावा, अशी दुरुस्ती मांडली. कामत हे सनदी नोकरी सोडून स्वातंत्र्यलढ्यात उतरलेले. त्यांना विरोध कोणी केला? नास्तिकांनी नव्हे. त्रावणकोरचे थानू पिल्ले म्हणाले की, हे श्रद्धेच्या बाबतीत सक्ती करण्यासारखे होईल. आसामचे रोहिणीकुमार चौधुरी हे शक्तीच्या उपासकांच्या प्रदेशातले. ईश्वराचे नाव घ्यायचे तर देवीचे का नको, असा त्यांचा प्रश्न. पंडित हृदयनाथ कुंझरूंना इतक्या पवित्र गोष्टीवर मतदान व्हावे याचेच दुःख वाटले. सभापतिपदी राजेंद्रबाबूंसारखा श्रद्धाळू पुरुष. कामतांनी आग्रह सोडला नाही. मतदान झाले आणि दुरुस्ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी फेटाळली गेली. दोन्ही बाजूंना देशभक्त, दोन्ही बाजूंना आस्तिक. कामतांची बाजू आजही आपल्यापैकी पुष्कळांना जवळची वाटेल. तरीही, किंबहुना म्हणूनच, आपल्या मुलाला कुंझरूंची बाजू मांडायला सांगावे असे मला वाटते. ज्याला प्रतिपक्ष प्रामाणिकपणे उभा करता येत नाही, त्याला स्वपक्षही नीट कळलेला नसतो. पूर्वपक्ष मांडल्याशिवाय उत्तरपक्ष नाही, ही आपल्याच शास्त्रपरंपरेची शिस्त आहे.

बाबासाहेबांच्या त्याच २५ नोव्हेंबरच्या भाषणात आणखी एक विषय आहे. घटनात्मक मार्ग खुले झाल्यावर सत्याग्रह व असहकार हे मार्ग सोडून दिले पाहिजेत, असे त्यांनी बजावले होते. राजकारणातील व्यक्तिपूजेविषयीही इशारा दिला होता. यावर अनुकूल-प्रतिकूल बोलायला सांगा, म्हणजे मुले आपापल्या पक्षाच्या, नेत्याच्या आणि आंदोलनाच्या आठवणीने किती अडखळतात ते दिसेल. हे अडखळणे मोलाचे आहे. राज्यातील महाविद्यालयांत थेट निवडणुका १९९४ मध्ये बंद झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने त्यांची तरतूद पुन्हा केली, पण मधल्या दोन दशकांत शिकून गेलेल्या पिढ्यांना चारचौघांत विरोधी मत ऐकून घेण्याची आणि त्याला उत्तर देण्याची सवय लावणारे व्यासपीठ उरले होते ते एवढेच. वसंत व्याख्यानमालेची परंपरा १८७५ पासून सांगणाऱ्या महाराष्ट्राने तेही पाठांतराला आंदण द्यावे, हे काही बरे नव्हे.

रांगोळीविषयी थोडे लिहिले पाहिजे. प्रांगणात जमिनीवर तिरंगा काढतात. अशोकचक्राच्या आऱ्या कधी वीस, कधी अठ्ठावीस. चोवीस मोजून काढणारी मुलगी भेटली की तिला मी पदरचे दोन गुण जास्त देतो. पण कार्यक्रम संपताच त्यावरून पावले जातात आणि दुपारी झाडू फिरतो. राष्ट्रीय प्रतिष्ठेच्या अवमानाला प्रतिबंध करणारा १९७१ चा कायदा ध्वजाच्या चित्रालाही ध्वजच मानतो. हेतू निर्मळ असला तरी रांगोळीला दुसरा विषय देणे हेच उचित.

आणि तो विषय घटनेतच आहे. घटनेची मूळ प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी हाताने लिहिली आणि तिची सजावट नंदलाल बोस व त्यांच्या शांतिनिकेतनमधील विद्यार्थ्यांनी केली. सरनाम्याचे पान सजविणारे जबलपूरचे ब्योहार राममनोहर सिन्हा हे त्या शिष्यांपैकीच. मूलभूत हक्कांच्या भागारंभी राम, सीता, लक्ष्मण. मार्गदर्शक तत्त्वांच्या आरंभी कुरुक्षेत्रावरील कृष्णार्जुन. निवडणुकांच्या भागावर छत्रपती शिवराय आणि गुरू गोविंदसिंग. हिंदी प्रतीसाठीचा हातकागद तर आपल्या पुण्याचा. कलेच्या विद्यार्थ्यांनी राष्ट्राचा मूळ ग्रंथ सजविला, ही गोष्ट आपल्या किती कलाशाखांना माहीत आहे? हक्कांच्या भागावर रामच का आणि मार्गदर्शक तत्त्वांवर गीतेचा प्रसंगच का, यावर चित्र काढायला अथवा पानभर लिहायला सांगितले तर यंत्राला विचारूनही मुलाला स्वतः थोडे थांबावे लागेल.

या साऱ्याला खर्च नाही. पूर्वतयारी मात्र लागते, आणि ती २० जानेवारीला परिपत्रक काढून होत नाही. १२ जानेवारी हा राष्ट्रीय युवा दिन, विवेकानंदांचा जन्मदिवस, आणि जिजाऊंचाही. त्या दिवशी विषय जाहीर करावा आणि वाचनासाठी पुढचे दोन आठवडे द्यावेत. घटना समितीच्या चर्चा लोकसभेच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. त्या इंग्रजीत वाचताना मराठी माध्यमाच्या मुलांना अडचण येईल. तेथे प्राध्यापकांनी, आणि प्राध्यापकांना वेळ नसेल तर विद्यार्थी कार्यकर्त्यांनी, निवडक आठ-दहा पानांचा मराठी अनुवाद करून द्यावा. कुठल्या बाजूने बोलायचे हे स्पर्धेच्या दिवशी चिठ्ठी काढून ठरवावे. पाच मिनिटे भाषण, तीन मिनिटे परीक्षकांचे प्रश्न, आणि निम्मे गुण त्या तीन मिनिटांना. पारितोषिक म्हणून पुन्हा प्लास्टिकची ढाल देण्यापेक्षा मराठीतील राज्यघटनेची प्रत द्यावी, आणि अंतिम फेरी २६ तारखेला ध्वजवंदनानंतर त्याच प्रांगणात ठेवावी. मुलांच्या आईवडिलांनाही बोलवावे. चहा साडेनऊला दिला तर मंडळी अकरापर्यंत बसतात.