एकच ओळ, 720 वेळा

सांगलीत कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी मोजतात. तिथे 40 फुटांना इशारा पातळी, 45 फुटांना धोका पातळी. ऑगस्ट 2019च्या महापुरात पाणी 57 फुटांवर गेले होते. कृष्णेला मिळणाऱ्या कोयनेवरचे धरण साताऱ्यात, धास्ती सांगलीत. म्हणून पावसाळ्यात इथला पहिला प्रश्न असतो, ‘पुलाला पाणी किती?’

समजा, हा आकडा सेन्सरकडून दर 15 सेकंदांनी घेणारा एखादा प्रोग्रॅम आहे. पाणी 40 फुटांच्या वर दिसले की तो लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या रोजनिशीत, ‘इशारा पातळी ओलांडली’ असे लिहितो. पाणी तीन तास वरच राहिले, तर याच वाक्याच्या 720 ओळी होतात. त्यांच्यात ‘सेन्सरची बॅटरी उतरली’ ही एकच ओळ असेल, तर पहाटे चारला ती कुणाच्या नजरेस पडणार?

चूक अशी, की प्रोग्रॅम स्थिती लिहीत बसतो. लिहायला हवा बदल. मागची स्थिती लक्षात ठेवली, तर चढल्याची एक आणि उतरल्याची एक, एवढ्या दोनच ओळी पुरतात. पण नदी काही स्थिर नसते. लाटेसरशी आकडा 39 फूट 11 इंच, 40 फूट 1 इंच असा हेलकावतो आणि दर हेलकाव्याला नवी ओळ पडते. म्हणून चढतानाची रेषा 40 फुटांवर ठेवायची, उतरतानाची थोडी खाली, साडेएकोणचाळीसवर. या अंतराला तंत्रज्ञ हिस्टेरेसिस म्हणतात.

‘सर्व्हर सापडत नाही’ अशा, आकडा नसलेल्या पण पुन्हा पुन्हा येणाऱ्या तक्रारींवर युनिक्सच्या जुन्या सिसलॉगने, म्हणजे लॉग लिहिणाऱ्या प्रोग्रॅमने, वेगळा उपाय केला: मागचीच ओळ पुन्हा आली तर नुसती मोजायची. कारकुनाचे ‘वरीलप्रमाणे’च ते. मात्र दोन तक्रारी आलटून पालटून आल्या की तो फसतो, कारण तो फक्त लगतची ओळ पाहतो. तेव्हा प्रत्येक प्रकारच्या तक्रारीची मोजणी वेगळी हवी. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, अशा संदेशांना मर्यादाच घालतो: सहसा 5 सेकंदांत 10. पुढचे गाळतो, पण किती गाळले ते सांगतो.

हे सांगणे आम्हाला महत्त्वाचे वाटते. ओळी सरसकट पुसणे सोपे असते. पण पूर ओसरल्यावर चौकशीला पहिली वेळ, शेवटची वेळ आणि संख्या लागतेच. शिवाय ओळी कमी झाल्या, की शांतता म्हणजे सारे ठीक की यंत्रच बंद, हे कळेनासे होते. त्यासाठी तासातून एकदा ‘चालू आहे’ एवढे लिहून घ्यावे. ती ओळ आली नाही, तर पुलावर माणूस पाठवावा.