आधी रेशन, मग राजधानी

चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यात, माणिकगड पहाडावर, परंडोळी, मुकदमगुडा, महाराजगुडा, अंतापूर अशी बारा-चौदा गावे आहेत. महाराष्ट्र म्हणतो ती आमची, तेलंगणा म्हणतो ती आमची. या ओढाताणीत गावकऱ्यांच्या घरी दोन राज्यांची रेशनकार्डे आली, दोन्हीकडच्या मतदार याद्यांत नावे लागली. महाराष्ट्राच्या संजय गांधी निराधार योजनेत २०२३ पासून महिन्याला १,५०० रुपये मिळू लागले. तेलंगणाची आसरा पेन्शन २०१९ पासूनच २,०१६ रुपये होती. वेगळे राज्य हवे की नको, हा वाद नागपुरात व्यासपीठावरून होतो आणि मुंबईत अग्रलेखांतून. या पहाडावर मात्र कोणते सरकार काय देते आणि वेळेवर देते का, हे लोक दर महिन्याला स्वतः ताडून पाहतात. विदर्भाच्या मागणीचाही विचार याच कसोटीवर व्हायला हवा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ही मागणी जुनी आहे आणि ती पोरकट नाही. फाजल अली आयोगाने १९५५ साली विदर्भाचे वेगळे राज्य करावे अशी शिफारस केली होती. त्याआधी २८ सप्टेंबर १९५३ रोजी झालेल्या नागपूर कराराने निधीत आणि नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचे वचन दिले. ते पाळले गेले नाही, म्हणून विदर्भवादी त्या कराराची होळी करतात. लोकनायक बापूजी अणे १९६२ साली याच प्रश्नावर नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेवर गेले, १९७१ साली तिथूनच जांबुवंतराव धोटे निवडून आले. दांडेकर समितीने १९८४ साली अनुशेष आकड्यांत मांडला. १९९४ साली आलेल्या वैधानिक विकास मंडळाची मुदत २०२० च्या एप्रिलमध्ये संपली. तक्रार खरी आहे. पण या साऱ्या काळात विदर्भाचे सरकार कसे असेल, ते पहिल्या वर्षी काय करील, कोणाचे काम आधी हातात घेईल, यावर किती बोलले गेले? विधानभवन आहे, राजभवन आहे, उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे, १९५६ पर्यंत नागपूर राजधानीच होती, तेव्हा खर्च कमी येईल, हा युक्तिवाद आम्ही शेकडो वेळा ऐकला. तयार इमारती हे राज्य मागण्याचे कारण होऊ शकत नाही.

विदर्भाला लागूनच छत्तीसगड आणि तेलंगणा ही दोन नवी राज्ये उभी राहिली आहेत, त्यामुळे कल्पनेला आधार शोधायला लांब जावे लागत नाही. छत्तीसगड १ नोव्हेंबर २००० रोजी झाले, आणि थोडे लांबचे झारखंड त्याच महिन्यात १५ तारखेला. दोन्ही राज्ये जंगलाची, खाणींची, आदिवासींची. छत्तीसगडने २००४ साली रेशनची दुकाने खासगी दुकानदारांच्या हातून काढून ग्रामपंचायती, बचत गट आणि सहकारी संस्थांकडे दिली. हे बोलायला सोपे आहे. रेशन दुकानदार हा प्रत्येक पक्षाच्या तालुका पातळीवरचा माणूस असतो. त्याला दुखावायची हिंमत फार थोड्या सरकारांनी केली आहे. छत्तीसगडने ती केली. दुकान चालवणाऱ्या गटांचे कमिशन वाढवले, कारण चोरी न करता दुकान परवडले पाहिजे. धान्याचे ट्रक पिवळे रंगवले, म्हणजे वाटेत कुठे वळला तर कोणालाही ओळखू यावा. महिन्याच्या सुरुवातीला ठरल्या दिवशी सगळ्यांसमोर तांदूळ वाटायचा प्रघात पाडला, त्याला चावल उत्सव म्हणू लागले. सरकार शेतकऱ्यांकडून धान स्वतः खरेदी करत होतेच, तोच तांदूळ रेशनवर आला. २००४-०५ साली तिथले निम्मे धान्य वाटेतच गडप होत होते. २००९-१० पर्यंत ती गळती दहाव्या हिश्श्यावर आली. देशाचा अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. छत्तीसगडने आपला डिसेंबर २०१२ मध्येच केला होता. २००२ साली सुरू झालेल्या मितानिन योजनेत वस्ती-वस्तीतल्या बाईला आरोग्याचे काम दिले गेले. आज देशभर दिसणारी आशा सेविका ही पुढची गोष्ट आहे.

झारखंडात काय झाले? तिथे सिमडेगा जिल्ह्यात सप्टेंबर २०१७ मध्ये अकरा वर्षांची एक मुलगी गेली. आधारशी जोडले नाही म्हणून त्या कुटुंबाचे रेशनकार्ड रद्द झाले होते. पोरगी भात मागत गेली, असे तिच्या आईने सांगितले; सरकारने आजाराचे कारण पुढे केले. एकाच महिन्यात जन्मलेली, सारख्याच जमिनीवरची दोन राज्ये. वेगळे झाल्याने गरिबाचे आपोआप भले होते, या समजुतीला याहून मोठे उत्तर कोणते हवे?

छत्तीसगडला डोक्यावर घेऊन नाचावे, असेही नाही. ज्या वर्षांत तिथे रेशन सुधारत होते, त्याच वर्षांत, २००५ पासून, बस्तरमध्ये सलवा जुडूमच्या नावाखाली गावे उठवली गेली, जाळली गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली त्या प्रकाराला घटनाबाह्य ठरवले. २०१४ च्या नोव्हेंबरात बिलासपूरजवळच्या नसबंदी शिबिरात काही तासांत ८३ बायकांच्या शस्त्रक्रिया उरकल्या आणि त्यांतल्या १३ जणी दगावल्या. २०१७ पासून दारूची दुकानेही सरकारच चालवू लागले. तांदूळ देणारे सरकार माणसाला माणूस मानतेच, असे नाही. लाभार्थी म्हणून रांगेत उभा राहणारा माणूस आणि गावचा मालक म्हणून सभेत बसणारा माणूस यांत जे अंतर आहे, ते छत्तीसगडने बुजवले नाही.

तेलंगणाची गोष्ट आणखी जवळची. २ जून २०१४ रोजी झालेल्या या राज्याने शेतकऱ्याला हंगामाआधी एकरी रक्कम देणारी रयतु बंधू योजना २०१८ साली आणली. तिच्यात जमिनीची कमाल मर्यादा नव्हती आणि कौलाने कसणाऱ्याला काहीच नव्हते. म्हणजे पन्नास एकरवाल्याला भरपूर आणि ज्याच्या हाताला नांगर त्याचा हात रिकामा. ही चूक विदर्भाने मुळीच करू नये, कारण इथे मक्त्याने शेती करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. पण त्याच वर्षी आलेला रयतु बीमा मात्र मन लावून पाहावा असा आहे. १८ ते ५९ वयाचा खातेदार शेतकरी कोणत्याही कारणाने वारला, तरी घरच्यांना पाच लाख रुपये. हप्ता सरकार भरते. मरणाचे कारण कोणी विचारत नाही.

आता सीमेच्या अलीकडे या. यवतमाळ, अमरावती, वर्धा जिल्ह्यांत शेतकऱ्याने आत्महत्या केली, की पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, सातबारा, बँकेचा कर्जखात्याचा उतारा असा कागदांचा गठ्ठा तहसीलमधून जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जातो. समिती प्रकरणावर शेरा मारते : पात्र किंवा अपात्र. कर्ज बँकेचे नसून गावातल्या बिनपरवाना सावकाराचे असेल, तर अपात्र. पात्र ठरले तर एक लाख रुपये. त्यांतले ३० हजार हातात आणि ७० हजार मुदत ठेवीत. नवऱ्याच्या तेराव्यानंतर त्याच्या मरणाचे कारण कागदाने सिद्ध करायला बाईला तहसीलच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. हे पाहूनही ज्याला फक्त सिंचनाच्या अनुशेषाचे आकडे आठवतात, त्याने विदर्भाच्या दुःखाचे नाव घेऊ नये.

म्हणून कल्पना करायचीच तर अशी करू. विदर्भ राज्याच्या पहिल्या अधिवेशनात पहिले विधेयक पात्र-अपात्रतेची ही चाळणी रद्द करणारे असेल. कसणारा, मग तो मालक असो, मक्तेदार असो की शेतमजूर बाई असो, गेला तर घराला रक्कम मिळेल आणि ती आणून द्यायची जबाबदारी तलाठ्याची असेल. दुसरे विधेयक रेशन दुकानांचे. तिसऱ्यासाठी तर रायपूरला किंवा हैदराबादलाही जायला नको, कारण ते काम विदर्भानेच जगाला शिकवले आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावच्याच कमी शिकलेल्या बायकांना बाळंतपणानंतर घरी जाऊन बाळ तपासायला शिकवले. बाळाला उबदार कसे ठेवायचे, वजन कसे करायचे, श्वास मोजून न्यूमोनिया कसा ओळखायचा, जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शन कसे द्यायचे, हे त्या शिकल्या. नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने हे छापले, पुढे ही पद्धत आशा सेविकांमार्फत देशाने उचलली. आणि मेळघाटातली बालमृत्यूंची बातमी मात्र दर पावसाळ्यात ठरल्यासारखी येत राहिली. ज्ञान विदर्भातले, गरज विदर्भातली, मधे सरकार नव्हते. नव्या राज्याचा आरोग्य विभाग जिल्हा रुग्णालयाच्या इमारतीपासून नव्हे, घरोघरी बाळ तपासणाऱ्या या बाईच्या पिशवीपासून उभा राहावा; तिला मानधनाऐवजी पगार असावा.

छत्तीसगडला जे साधले नाही, त्याचे बीजही इथेच आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. तोवर वनखात्याच्या सहीशिवाय जंगलातली काडी हलत नव्हती. गावाने बांबू स्वतः विकला, पैसा ग्रामसभेच्या खात्यात आला. कल्याणकारी राज्य म्हणजे वरून वाटणारे राज्य, ही कल्पना मेंढ्याने खोडून काढली आहे. सूरजागडचे लोखंड असो की चंद्रपूरचा कोळसा, ग्रामसभेच्या होकाराशिवाय खाण नाही, हे कलम नव्या राज्याच्या पहिल्याच वर्षात लिहिले गेले पाहिजे. नंतर खाणवाल्यांची गाठोडी जड होतात आणि कलमे हलकी.

पैसा कुठून आणणार, हा विरोधकांचा प्रश्न रास्त आहे आणि विदर्भवादी तो टाळतात. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी १९७२ च्या दुष्काळात उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. तिचा खर्च व्यवसाय करातून भागत असे, आणि तो कर मुख्यतः मुंबई-पुण्याच्या नोकरदारांच्या पगारातून कापला जाई. सरकार तेवढीच भर घाली. शहराने खेड्याची मजुरी भरायची, ही महाराष्ट्राने देशाला दिलेली सगळ्यात सुंदर व्यवस्था होती. वेगळा विदर्भ म्हणजे त्या मुंबईला मुकणे. हे नुकसान खरे आहे आणि ते लोकांना आधी सांगितले पाहिजे. २,९२० मेगावॉटचे चंद्रपूरचे वीज केंद्र, कोळशाचे स्वामित्वधन, बांबू, तेंदूपान यांतून किती येईल, पगारावर किती जाईल, याचा ताळेबंद मांडायला हवा. तो मांडला नाही, तर रिकाम्या तिजोरीचे पहिले लक्ष दारूकडे जाईल. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि ती बायकांनी व ग्रामसभांनी झगडून मिळवली. चंद्रपूरची २०१५ ची बंदी २०२१ साली उठली. नव्या सरकारने गडचिरोलीची बंदी उठवून वेतन भागवायचे ठरवले, तर त्या बायकांना वेगळ्या विदर्भाने काय दिले?

मंत्रिपदे वाढतील, महामंडळे वाढतील, नागपुरातल्या जमिनीचे भाव वाढतील, एवढ्यासाठी राज्य मोडायचे असेल तर आमचा त्याला विरोध आहे. गडचिरोलीतल्या बाळापासून, अपात्र ठरलेल्या बाईपासून आणि मक्त्याने कसणाऱ्यापासून ज्याची मांडणी सुरू होते, त्या विदर्भाला आमचा पाठिंबा आहे, मुंबईला मुकण्याची किंमत मोजूनही. वेगळ्या विदर्भाचा झेंडा हाती घेतलेल्या साऱ्या संघटनांना म्हणून विनंती आहे : येत्या २८ सप्टेंबरला कराराच्या प्रती जाळण्याबरोबरच विदर्भ राज्याचा पहिल्या वर्षाचा अर्थसंकल्प छापा, जमा आणि खर्च दोन्ही बाजू लिहा, आणि तो अकराही जिल्ह्यांतल्या ग्रामसभांपुढे वाचून दाखवा.