खुरासणीवरचा आळ

गेल्या रविवारी मोखाड्याहून खोडाळ्याला जाताना गाडी तीनदा थांबवली. तिन्ही वेळा कारण एकच, खुरासणी. उतारावरचे वरकस तुकडे पिवळेधमक झाले होते. त्यांच्या वरच्या अंगाला, जिथं नांगर पोचत नाही तिथं, सोनकीही तितकीच पिवळी होती. दोन पिवळ्यांच्या मधे एक दगडी बांध. त्या बांधावर अर्धा तास बसून राहिलो, कारण आदल्या दिवशी जव्हारच्या एका बैठकीत ऐकलेलं वाक्य डोक्यातून जात नव्हतं.

वाक्य असं होतं : खुरासणी रानफुलांच्या माश्या पळवते, म्हणून रानाचं बी घटतं. बोलणारे पाहुणे अभ्यासू होते आणि त्यांनी पडद्यावर जर्मनीतल्या एका संशोधनाचा आलेख दाखवला. समोर बसलेले शेतकरी गप्प राहिले. ज्यांच्या आज्यापणज्यांनी ही खुरासणी नागली-वरीच्या पाळीत बसवली, त्यांनीच मान खाली घालून हे ऐकावं, याचा मला राग आला. तिथं बोलायला वेळ मिळाला नाही, म्हणून इथं लिहितो.

आलेख खरा आहे. आंद्रेआ होल्त्सशू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली तो प्रसिद्ध केला. आसपासच्या शिवारात रेपसीडचं, म्हणजे मोहरीच्या कुळातल्या तेलबियांचं, क्षेत्र शून्यावरून १५ टक्क्यांवर गेलं, तर गवताळ रानात फुलणाऱ्या प्रिम्युला वेरिस या रानफुलाचं बी धरणं २० टक्क्यांनी उतरलं. बंबलबी नावाच्या केसाळ माश्या पिवळ्या शेतांवर विखुरल्या आणि रानातलं फूल वाट पाहत राहिलं. ही गोष्ट मी मानतो. पण त्याच जर्मनीत २००३ साली असंही दिसलं होतं की ज्या भागात रेपसीड जास्त, तिथं बंबलबींची संख्याही जास्त. म्हणजे पीक माश्या ओढतं हे खरं आणि पीक माश्या पोसतं हेही खरं. यातलं कोणतं पारडं जड होणार, ते पीक कधी फुलतं, केवढ्या पट्ट्यात फुलतं आणि त्याला स्वतःला माशीची किती गरज आहे यावर ठरतं. पाहुण्यांनी यातलं काहीच विचारलं नाही.

मग आपणच विचारू. रेपसीड फुलतं एप्रिल-मे महिन्यांत. बंबलबीची राणी हिवाळाभर एकटी जमिनीत निजून नुकतीच उठलेली असते आणि वसाहत जेमतेम उभी राहत असते. माश्या थोड्या आणि फुलं अफाट, मग रानफुलाच्या वाट्याला काय येणार? आता जव्हार-मोखाड्याकडे या. सह्याद्रीत बंबलबी नाहीत. इथं आहे सातेरी, आहे आग्या, आहे फुलोरी, झाडाच्या ढोलीतली बारीक पोया, आणि एकट्यानं राहणाऱ्या कितीतरी रानमाश्या. सातेरीचे खरे हाल होतात पावसाळ्यात. जून ते ऑगस्ट झड लागली की माशी बाहेर पडू शकत नाही, साठवलेला मध संपत जातो आणि वसाहत खंगते. पेट्या पाळणारे या दिवसांत साखरेचा पाक देतात. रानातल्या मोहोळाला पाक कोण देणार? उघडीप होते, तेरडा, कवला, सोनकी फुलायला लागतात आणि पाठोपाठ खुरासणी येते. एक फूल मिटलं की दुसरं उमलतं, असं करत शेत महिना-दीड महिना पिवळं राहतं. खंगलेली सातेरी भरते ती याच दिवसांत. जर्मनीतलं पीक वसाहत लहान असताना येतं, तसं आपलंही येतं, पण आपलं पीक आणि आपली रानफुलं एकाच भुकेवर एकत्र धावून येतात. बांधावर बसलो होतो तिथल्या आजींनी हेच चार शब्दांत सांगितलं : "खुरासणी फुलली का मोहोळ धरतं." त्यांच्या शब्दावर माझा भरवसा त्या आलेखाइतकाच आहे.

शिवाराची घडणही पाहा. तिकडे एकेका रेपसीडच्या शेताला मोठमोठ्या यंत्रांना फिरता येईल एवढा पसारा असतो. इकडे खुरासणी म्हणजे डोंगराच्या अंगावरचं ठिगळ, वर जंगल, खाली नागली, बाजूला वरी, मधे दगडांचा बांध. नागली आणि वरी या गवताच्या जातीच्या, त्यांना माशीची गरज पडत नाही. त्यामुळे माशीसाठी उघडा असलेला शिवाराचा भाग मुळातच थोडा. माशी एका उड्डाणात पीक आणि रान दोन्ही गाठते, आणि तिचं घर रानातच असतं, झाडाच्या ढोलीत, कड्याच्या कपारीत. फवारणीही या वरकस तुकड्यांवर सहसा होत नाही.

पण मला सगळ्यात बोलका वाटतो तो फरक वेगळाच आहे. रेपसीडला माशी मिळाली तर बरं, नाही मिळाली तरी ते बहुतांशी स्वतःच्या परागावर शेंगा धरतं. खुरासणीला ते जमत नाही. तिच्या एका झाडाचे पराग त्याच झाडावर चालत नाहीत, दुसऱ्या झाडाचे लागतात, आणि ते आणून देणारी माशीच. माशी नाही आली तर फूल पोकळ, घाणीवर न्यायला दाणा नाही, चटणीलाही नाही. ही माशी वर्षाचे उरलेले दहा-अकरा महिने कोण सांभाळतं? करंज, जांभूळ, ऐन, हिरडा, बांधावरचा कुर्डू, ओढ्याकाठची झुडपं. थोडक्यात, खुरासणी रानाची देणेकरी आहे. ती फुलल्यावर त्या देण्यातलं थोडं परतही करते, कारण भरलेली वसाहत हिवाळ्यात आणि पुढे उन्हाळ्यात रानातल्या झाडांवर जाते. जो उसनं घेतो आणि फेडतो त्याला आपण चोर म्हणत नाही.

एका शिवारात एकाच वेळी फुलांचा पूर येणं ही शेतकऱ्याची आणलेली नवलाई नाही. कारवी काय करते? सात वर्षं गप्प राहते आणि मग अख्खा डोंगर जांभळा करते. त्या वर्षी माश्या कारवीवरच असतात आणि पोळ्यात दाट, काळपट मध भरतो. शेजारच्या रानफुलांना त्या वर्षी चणचण भासत असेल, तरीही हे रान हजारो वर्षं टिकलं. तात्पुरती चणचण या रानाच्या अंगवळणी पडलेली आहे. माशीचं घरच गेलं तर मात्र ते टिकणार नाही.

तरी पाहुण्यांच्या म्हणण्यात तथ्याचा एक अंश आहे, आणि तो सोनकीपुरता आहे. सोनकी आणि खुरासणी एकाच कुळातल्या, सूर्यफुलाच्या. दोघींचं फूल उघडं, सपाट, कुणीही येऊन बसावं असं. रंग एक, हंगाम एक. माशी खुरासणीवरून उठून सोनकीवर बसली तर चुकीचे पराग घेऊन बसते, आणि ते तिथं जागा अडवतात. तेरड्याचं तसं नाही. त्याचा मकरंद मागच्या लांब, वाकड्या नळीत असतो, लांब जिभेच्या कीटकालाच तो पोचतो, आणि पराग माशीच्या पाठीवर लागतात. खुरासणीच्या गर्दीत तेरड्याचं फारसं बिघडू नये. सोनकीचं बिघडू शकतं, आणि तेही अगदी बांधाला लागून असलेल्या सोनकीचं.

आता माझा जुना राग. सातबाऱ्यावर या उतारांतल्या न नांगरलेल्या भागापुढे एक शब्द येतो, पोटखराबा. जिथं तेरडा फुलतो, जिथं एकट्या रानमाश्या मातीत बिळं करतात, ज्याच्या जिवावर खालची खुरासणी दाणा धरते, त्या जमिनीला आपण खराब म्हणतो. हे मी याआधीही लिहिलं आहे आणि कंटाळा येईपर्यंत लिहीत राहणार आहे. मला वाटतं, रानफुलांचं बी खुरासणीपेक्षा या एका शब्दानं जास्त बुडवलं आहे. कारण खराब म्हटलं की सपाट करावंसं वाटतं, पेटवून द्यावंसं वाटतं, तिथं काहीतरी लावून दाखवावंसं वाटतं.

त्या बैठकीत दुसराही एक प्रस्ताव होता, परागीभवन वाढावं म्हणून बाहेरून मेलिफेरा या परदेशी मधमाशीच्या पेट्या आणून खुरासणीत ठेवण्याचा. मी त्याच्या विरोधात आहे. खुरासणी संपल्यावर त्या पेट्यांतल्या हजारो माश्या कुठं जातील? रानावर. दक्षिण स्पेनमध्ये संत्र्याचा बहर ओसरल्यावर पाळीव मधमाश्या शेजारच्या जंगलात शिरल्या, रानमाश्यांची फुलं बदलली आणि काही रानझुडपांच्या बी धरण्यावर परिणाम झाला, हे २०१७ साली प्रसिद्ध झालं आहे. पाहुण्यांना आलेखच दाखवायचा होता तर हा दाखवायचा होता. पेट्या ठेवायच्याच तर इथल्या सातेरीच्या ठेवा, थोड्या ठेवा आणि इथल्याच माणसांना सांभाळू द्या.

नाव खुरासानचं, मूळ इथिओपियाचं, पण या डोंगरांत हे पीक इतकं मुरलं आहे की शेजारच्या इगतपुरीच्या संशोधन केंद्रानं त्याच्या जाती निवडण्यावर वर्षं घालवली. देशभर त्याचं क्षेत्र आक्रसत चाललं आहे. आणि नेमक्या अशा वेळी त्यावर आळ यावा?

जव्हार-मोखाड्यातल्या शिक्षकांना आणि महाविद्यालयातल्या मुलामुलींना एक विनंती. सोनकीचे तीन ताटवे निवडा, एक खुरासणीच्या बांधाला लागून, एक दोनशे मीटरवर, एक किलोमीटरभर दूर. सकाळी दहा ते बारा या वेळेत प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं बसा आणि कोणती माशी किती वेळा आली ते लिहा. फुलं सुकली की प्रत्येक ताटव्यातली वीस-वीस गोळा करा आणि एकेक बी नखानं दाबा. भरलेलं बी दाबाला टिकतं, पोकळ चपटं होतं. तेरड्याच्याही शेंगा अशाच मोजा. आकडे मला पाठवा. ते माझ्या म्हणण्याविरुद्ध गेले तरी याच जागी छापीन. दिवाळी सरली की खुरासणी कापणीला येते आणि सोनकी वाळते, तोवर जेमतेम तीन आठवडे आहेत.