परीक्षकांची परीक्षा

शास्त्रीय नियतकालिकात निबंध प्रसिद्ध झाला म्हणजे त्यातील प्रत्येक विधान कसोटीस उतरले, असा सुशिक्षितांचाही समज आहे. हा समज किती भाबडा आहे, हे २०२० साली साऱ्या जगाने पाहिले.

लंडनच्या 'लॅन्सेट' या विख्यात वैद्यकीय साप्ताहिकाने २२ मे २०२० रोजी एक निबंध छापला. सहा खंडांतील ६७१ रुग्णालयांतल्या ९६,०३२ कोरोनाग्रस्तांची माहिती तपासली असता, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिलेल्यांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले, असे त्यात प्रतिपादन होते. तीनच दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने त्या औषधाची चाचणी स्थगित केली. परंतु निबंधातील ऑस्ट्रेलियाच्या मृत्यूंचा आकडा त्या देशाच्या अधिकृत आकड्याहून मोठा निघाला. माहिती पुरविणाऱ्या 'सर्जिस्फिअर' कंपनीने मूळ नोंदी त्रयस्थ तपासनिसांच्या हाती देण्याचे नाकारले, आणि ४ जून रोजी चौघांपैकी तीन लेखकांनी निबंध मागे घेतला. ते औषध कोरोनावर निरुपयोगी असल्याचे पुढे रीतसर चाचण्यांनी दाखविले, ही गोष्ट खरी. पण म्हणून आधारहीन पुराव्याचे समर्थन होत नाही.

मग या निबंधाचे परीक्षण झालेच नव्हते काय? झाले होते. संपादक निबंध त्या विषयातील दोघा-तिघा तज्ज्ञांकडे धाडतो. ते बहुधा विनामूल्य, आपले नाव गुप्त ठेवून, तो वाचतात. त्रुटी दाखवितात, आणि निबंध स्वीकारावा, सुधारून घ्यावा की नाकारावा याचा अभिप्राय देतात. अखेरचा निर्णय संपादकाचा. मेख अशी की, परीक्षक युक्तिवाद तपासतो. मूळ नोंदवह्या क्वचितच त्याच्यासमोर येतात. जमाखर्चाची बेरीज बरोबर आहे एवढे पाहून पावत्यांकडे न बघणाऱ्या हिशेबतपासनिसासारखीच ही स्थिती नव्हे काय?

यावरून परीक्षणाची पद्धतच मोडीत काढावी, असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. ढेकणासाठी घर जाळण्यातला तो प्रकार होईल. 'लॅन्सेट'ने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नियम बदलला: एकाहून अधिक लेखकांनी मूळ माहिती स्वतः पाहून पडताळली पाहिजे. हाच मार्ग योग्य होय.

हा प्रश्न आपल्याला दूरचा नाही. नियतकालिकांची पारख करण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात केंद्र उभारून 'केअर' यादी सिद्ध केली होती. २०२५ मध्ये आयोगाने ती यादी बंद केली, आणि निवडीचा भार विद्यापीठांवर व संशोधकांवर सोपविला. पैसे भरताच, परीक्षणाचे नाटक करून, चार दिवसांत निबंध छापून देणाऱ्या दुकानांना ही पर्वणीच ठरू नये.

म्हणून विद्यापीठांना आमचे सांगणे आहे: निबंध मोजू नका, वाचा. प्राध्यापकाची बढती छापील पानांच्या संख्येवर ठरवू नका. मूळ नोंदी जपून ठेवण्याचा दंडक घाला. आणि जो विद्वान मन लावून दुसऱ्याचा निबंध तपासतो, त्याचे ते काम सेवेच्या नोंदीत धरा. परीक्षक हा ज्ञानाचा राखणदार आहे. त्याच्या हाती केवळ वेशीचे दार देऊन भागणार नाही, कोठाराची किल्लीही दिली पाहिजे. कारण अखेर त्या कोठारातले धान्य रुग्णाच्या ताटात पडावयाचे असते.